ट्रकचं इंजिन खरंच सीज झालंय का? खोलण्याआधी घरीच करून बघा ही तपासणी

दसरा जवळ आला की ऊसपट्ट्यातल्या गावांत उभ्या ट्रकवरची ताडपत्री निघते. गाळप हंगाम संपल्यापासून चार-पाच महिने गाडी घरासमोर, शेडात किंवा झाडाखाली उभी असते. टोळीला उचल देऊन झालेली असते, कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला असतो, कर्जाचा हप्ता तर पावसाळ्यातही थांबलेला नसतो. अशा वेळी चावी फिरवली आणि नुसता ‘टक’ आवाज आला, तर मालकाचं काळीज हलतं. दोन-तीन वेळा सेल्फ मारून बघितला जातो. बघायला जमलेल्यांपैकी कुणीतरी सांगून टाकतं, ‘इंजिन सीज झालं, आता फुल काम निघणार.’

फुल इंजिनचं काम म्हणजे लाखाच्या घरातला खर्च आणि गाडी किती तरी दिवस गॅरेजमध्ये. पण सेल्फने इंजिन फिरलं नाही याचा अर्थ ते सीज झालं असाच होत नाही. बॅटरी उतरलेली असू शकते, सेल्फ अडकलेला असू शकतो, गाडी गिअरमध्ये राहिलेली असू शकते किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. यातली बरीच कामं थोडक्या पैशात होतात. नेमकं काय झालंय हे शोधायला सॉकेट पाना, लांब दांडा, मल्टिमीटर आणि अर्धा दिवस एवढं बऱ्याचदा पुरतं.

एकच नियम: हाताने फिरल्याशिवाय सेल्फ नाही

बंद पडलेल्या किंवा बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघितल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारायचा नाही. धक्का द्यायचा नाही आणि दुसऱ्या गाडीने टोचन करून, गिअर टाकून चालू करायचा प्रयत्न तर मुळीच करायचा नाही.

कारण साध्या हिशेबाने कळेल. टाटाच्या ‘६९७’ इंजिनाच्या नावातच त्याचं माप आहे. ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. हे इंजिन ५,६७५ सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ९४६ सीसी येतात. कॉम्प्रेशनचं प्रमाण १७ ला १ धरलं, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर साधारण ६० मिलिलिटर जागा उरते. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या सिलिंडरमध्ये ग्लासभर पाणी किंवा डिझेल साचलं असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही. तो मध्येच थांबतो आणि बाहेरून बघणाऱ्याला इंजिन जाम वाटतं.

इथपर्यंत नुकसान शून्य असू शकतं. पाणी काढलं की इंजिन मोकळं होतं. पण याच अवस्थेत जोर लावून सेल्फ मारला किंवा टोचन केलं, तर कॉनरॉड वाकतो. मग हेड, चेंबर सगळं उतरवावं लागतं. शेवटच्या दोन-तीन सेल्फमुळेच किरकोळ काम मोठं होतं.

‘सीज’ म्हणजे नेमकं काय?

इंजिनातला फिरणारा किंवा सरकणारा भाग दुसऱ्या भागाला घट्ट धरून बसला, की त्याला सीज होणं म्हणतात. डिझेल इंजिनात हे मुख्यतः तीन ठिकाणी होतं.

पहिलं ठिकाण क्रँकचं बेअरिंग. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो. ऑइल संपलं, ऑइल पंप बसला किंवा ऑइलमध्ये पाणी-डिझेल मिसळून ते पातळ झालं, की धातूवर धातू घासतो. बेअरिंग तापून वितळतं आणि क्रँकला चिकटतं.

दुसरं ठिकाण पिस्टन आणि लायनर. रेडिएटरमधलं पाणी गेलं, फॅन किंवा वॉटर पंप बंद पडला, की पिस्टन तापून फुगतो आणि लायनरमध्ये दाटून बसतो.

तिसरं कारण गंज. गाडी ओलाव्यात महिनोन्‌महिने उभी राहिली की ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो त्यात दमट हवा जाते. लायनरला गंज धरतो आणि रिंगा तिथेच चिकटतात.

यातलं तिसरं बऱ्याचदा खोलल्याशिवाय सुटतं. दुसरं कधी कधी इंजिन थंड झाल्यावर आपोआप मोकळं होतं, पण आत ओरखडे ठेवून जातं. पहिल्यात मात्र काम निघतंच.

गाडी बंद कशी पडली, ते आधी आठवा

मेस्त्री चांगला असेल तर पाना हातात घेण्याआधी हेच विचारतो. मालकाने आणि ड्रायव्हरने खरं सांगितलं तर अर्धं निदान इथेच होतं.

चालती गाडी ‘टकटक’ आवाज करत बंद पडली आणि त्याआधी ऑइलचा दिवा लागला होता किंवा ऑइलचा काटा खाली आला होता, तर संशय बेअरिंगवर.

घाटात किंवा भरल्या गाडीत तापमानाचा काटा वर गेला, ओढ कमी झाली आणि गाडी कर्रकन थांबली, तर संशय पिस्टन-लायनरवर.

पाण्यातून जाताना गाडी झटक्यात बंद पडली किंवा पुरात उभी होती, तर संशय सिलिंडरमधल्या पाण्यावर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, वाहतूक बंद पडली आणि ट्रकच्या लांबच लांब रांगा लागल्या. नदीकाठच्या गावांत दारातल्या गाड्याही बुडाल्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर लगेच सेल्फ मारणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई.

गाडी चांगली चालत आली, बंद करून लावली आणि काही महिन्यांनी फिरेना, तर क्रम असा धरा: बॅटरी, सेल्फ, पाणी आणि मग गंज.

रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी फिरेना आणि रेडिएटरमधलं पाणी कमी झालं असेल, तर हेड गॅस्केटमधून किंवा हेडला गेलेल्या चिरेतून पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असण्याची शक्यता आहे.

हात लावण्याआधी ही काळजी घ्या

गाडी सपाट जागी असू द्या. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे कुणी चुकून चावी फिरवली तरी सेल्फ लागणार नाही. जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉपची वायर ओढून बांधून ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. केबिन पुढे झुकणारी असेल तर तिचं लॉक बसल्याची खात्री करूनच खाली वाका.

इंजिन गरम होऊन थांबलं असेल तर किमान पाच-सहा तास त्याला हात लावू नका. गरम इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतू नका, हेड किंवा ब्लॉकला चीर जाऊ शकते. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

पायरी १ : ऑइल, पाणी आणि एअर फिल्टर बघा

ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा.

पट्टीवर ऑइलच नाही, तर बेअरिंगचा संशय वाढतो. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसतंय आणि पातळी वर गेलीय, तर आत पाणी आहे. पातळी वर आणि डिझेलचा वास येतोय, तर नोझल किंवा पंपातून डिझेल खाली उतरलंय. ऑइल काळं असणं ही मात्र डिझेल इंजिनात नेहमीची गोष्ट. त्याने घाबरू नका.

गाडी रात्रभर स्थिर उभी असेल तर चेंबरचा ड्रेन नट हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते तळाला बसतं आणि आधी बाहेर येतं. नट पूर्ण काढायची गरज नाही. पहिला अर्धा कप काय येतंय ते पांढऱ्या डब्यात धरून बघा. त्यात चमकणारी पूड दिसली तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटली तर ती लोखंड-पोलादाची, म्हणजे रिंगा, लायनर किंवा गिअरची. चमकते पण चिकटत नाही, तर ती बेअरिंगची किंवा पिस्टनची असू शकते. ही पूड कागदात बांधून ठेवा, मेस्त्रीला दाखवायला उपयोगी पडते.

रेडिएटरमधलं पाणी बघा. त्यावर ऑइलचा तवंग आहे का, पातळी उतरलीय का? एअर फिल्टरचं झाकण उघडा. फिल्टर ओला असेल, आत गाळ असेल, तर पाणी हवेच्या वाटेने इंजिनात गेलं असं धरूनच पुढे चला.

पायरी २ : इंजिन हाताने फिरवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. क्रँकच्या पुढच्या पुलीला मधोमध मोठा बोल्ट किंवा नट असतो. त्याला नीट बसणारा सॉकेट आणि तीन-चार फुटी दांडा लावा. समोरून बघितलं तर बहुतेक ट्रकची इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. त्याच दिशेने सावकाश जोर द्या. उलट्या दिशेने जोर दिला तर बोल्टच सैल होऊ शकतो. पुलीपर्यंत हात पोचत नसेल तर क्लच हौसिंगच्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दात्यांवरून फिरवता येतं. पण त्यासाठी योग्य हत्यार वापरा. पहार घातली तर दाता तुटतो.

ठणठणीत डिझेल इंजिनही हाताला जड लागतं. कॉम्प्रेशन आलं की दांडा अडतो, थोडं धरून ठेवलं की हवा निसटते आणि तो पुढे जातो. सहा सिलिंडरच्या इंजिनात असा जडपणा दर एक तृतीयांश फेऱ्याला येतो, चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला. सगळे सिलिंडर तपासायला दोन पूर्ण फेरे लागतात. पुलीवर खडूने खूण करा म्हणजे चुकणार नाही.

आता तीनपैकी एक गोष्ट होईल.

जड-हलकं, जड-हलकं असं होत दोन फेरे पूर्ण झाले, तर इंजिन सीज नाही. बॅटरी आणि सेल्फ बघा, पायरी ४ कडे जा.

थोडं फिरतं आणि एका ठरावीक जागी दगडावर आपटावं तसं थांबतं. मागे फिरवलं तर फिरतं, पुन्हा पुढे आणलं की तिथेच अडतं. अशा वेळी सिलिंडरमध्ये पाणी-डिझेल, तुटलेला व्हॉल्व्ह किंवा आत पडलेली एखादी वस्तू, असा संशय घ्या. इथे जोर लावायचा नाही.

जराही हलत नाही. ना पुढे, ना मागे. तरीही लगेच सीज म्हणू नका, पायरी ३ करा.

एका माणसाच्या ताकदीने हलत नसेल तर दांड्याला आणखी पाइप जोडून दोघा-तिघांनी लटकू नका. बोल्ट तुटला तर नवीनच काम निघतं.

पायरी ३ : इंजिनाला अडवणारं बाहेरचं काही आहे का?

इंजिनाला बऱ्याच गोष्टी जोडलेल्या असतात. त्यातली एक जरी जाम झाली तरी इंजिन अडू शकतं. एकेक सुटी करून दर वेळी हाताने फिरवून बघा.

आधी सेल्फ. सेल्फचं छोटं गिअर फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून राहतं आणि इंजिन दोन्ही बाजूंनी धरलं जातं. सेल्फचे बोल्ट काढून तो मागे सरकवला आणि इंजिन मोकळं फिरलं, तर दोष सापडला. फ्लायव्हीलचे दातेही बघून घ्या.

मग गिअरबॉक्स. गिअर न्यूट्रलला आहे असं लिव्हरवरून वाटतं, पण आत गिअर अडकलेला असतो. एकाने क्लच पूर्ण दाबून धरायचा, दुसऱ्याने इंजिन फिरवायचं. फिरलं तर दोष क्लचच्या मागे आहे. मात्र महिनोन्‌महिने उभ्या गाडीत क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. तेव्हा क्लच दाबूनही ती सुटत नाही हे लक्षात ठेवा.

मग बेल्ट. फॅन, वॉटर पंप, अल्टरनेटर यांचे बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. जाम पुलीवर चालत्या गाडीत बेल्ट बहुधा घसरतो, जळका वास येतो, धूर निघतो. तसं काही झालं होतं का ते ड्रायव्हरला विचारा.

शेवटी गिअरवर चालणाऱ्या गोष्टी. बऱ्याच ट्रकमध्ये हवेचा कंप्रेसर आणि डिझेल पंप टायमिंगच्या गिअरवर चालतात. पाणी मिसळलेल्या डिझेलने पंप गंजून जाम होऊ शकतो. हे भाग सोडवणं मात्र मेस्त्रीकडूनच करून घ्या, कारण पंपाचं टायमिंग चुकलं तर गाडी नीट चालणार नाही. घरी एवढंच करा की ही शक्यता त्याच्या कानावर घाला.

पायरी ४ : फिरतंय, तर बॅटरी आणि सेल्फ बघा

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. गाडी काही तास उभी असताना भरलेली प्रत्येक बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते, दोन्ही मिळून २५.२. प्रत्येकी १२ किंवा त्याहून कमी असेल तर बॅटरी जवळजवळ उतरलेली आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक चांगली आणि एक मेलेली, असंही असतं.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून कुणाला तरी समोर उभं करा आणि चावी फिरवा. लाइट लख्ख राहिला आणि नुसतं ‘टक’ झालं, तर दोष वायर, टर्मिनल किंवा सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये असण्याची शक्यता जास्त. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून जाम आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड साफ करा, इंजिनला आणि चेसीला लागलेली अर्थिंगची वायर घट्ट करा, मगच सेल्फ उतरवायचा विचार करा.

पायरी ५ : मध्येच अडतंय, तर नोझल काढून बघा

ही पायरी जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांसाठी. बीएस-६ गाड्यांमध्ये (देशभरात १ एप्रिल २०२० पासून) आणि त्याआधीच्याही काही गाड्यांत कॉमन रेल पद्धत असते. तिच्या पाइपमध्ये डिझेलचा दाब प्रचंड असतो. त्या दाबाने उडालेली बारीक धारही कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसलं तरी ती जखम गंभीर असते, तातडीने दवाखाना गाठावा लागतो. अशा गाडीचे पाइप घरी सोडू नका, कंपनीचं प्रशिक्षण घेतलेल्या मेस्त्रीला बोलवा.

जुन्या गाडीत नोझल काढल्यावर त्या भोकांतून हवा आणि पाणी बाहेर यायला वाट मिळते. नोझलच्या आजूबाजूची माती आधी पुसून घ्या, कुठलं नोझल कुठल्या सिलिंडरचं यावर खूण करा. मग दांड्याने सावकाश फिरवा. तोंड भोकांच्या वर आणू नका, पिचकारी उडते.

गढूळ पाणी आलं तर पावसाचं किंवा पुराचं. हिरवं-गुलाबी, कूलंटच्या रंगाचं आलं तर हेड गॅस्केट, हेड किंवा लायनर तपासावं लागेल. डिझेल आलं तर त्या सिलिंडरचं नोझल गळतंय. द्रव निघून गेल्यावर इंजिन दोन फेरे मोकळं फिरलं, तर मोठं संकट टळलं असं समजा. तरीही चालू करण्याआधी ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर बदला, डिझेलच्या टाकीतलं पाणी काढा आणि मेस्त्रीकडून सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकाचंच कॉम्प्रेशन कमी आलं तर तिथला कॉनरॉड वाकला असण्याचा संशय राहतो. पुरातल्या गाडीचं गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं ऑइल, चाकांच्या हबचं ग्रीस हेही बदलावं लागतं.

ट्रॅक्टरवाल्यांनीही हे लक्षात घ्यावं. उभ्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी सरळ इंजिनात उतरतं. म्हणून जुनेजाणते शेतकरी सायलेन्सरवर उलटा डबा घालतात. डबा उडालेला दिसला तर आधी हाताने फिरवा, मग सेल्फ.

गंजून अडकलं असेल तर घाई नको

उभी राहून अडकलेल्या इंजिनात नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं सोडा. जास्त ओतू नका. पेट्रोल अजिबात वापरू नका, भडक्याचा धोका असतो. एक दिवस थांबा, मग दांड्याने अगदी थोडं पुढे, थोडं मागे असं हलवून बघा. हललं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. तीन-चार दिवस लागू शकतात. एक सूत जरी हललं तरी आशा आहे. मागे-पुढे करत हळूहळू वाढवा. मोकळं झाल्यावर नोझल बसवण्याआधी दोन-चार फेरे फिरवून साचलेलं तेल बाहेर काढा.

असं सोडवलेलं इंजिन चाललं तरी काही दिवस लक्ष ठेवा. ऑइल खातंय का, निळा धूर येतोय का, श्वासाच्या पाइपातून जास्त वाफ येतेय का? तसं असेल तर रिंगांचं काम आज ना उद्या करावं लागेल. पण ते भर हंगामात अडून करण्यापेक्षा सवडीने करता येईल.

सगळं करूनही हलत नाही, तर

आता मेस्त्रीने खोलायची वेळ आली. पण ‘फुल इंजिन’ ठरवण्याआधी चेंबर उतरवून खालून बघायला सांगा आणि तिथे स्वतः हजर राहा. एखाद्या कॉनरॉडच्या बेअरिंगजवळ निळसर-काळा डाग दिसला तर तिथे उष्णता झाली आहे. बेअरिंग जागेवरून फिरलंय, त्याची पत्री बाहेर आलीय, चेंबरच्या तळाला चमकी साचलीय, तर बेअरिंग गेल्याचं स्पष्ट होतं. खाली सगळं चांगलं दिसलं तर हेड उतरवून पिस्टन-लायनर बघावे लागतात. एका क्रँकपिनचं काम असेल आणि लायनर चांगले असतील, तर खर्च बराच कमी राहू शकतो. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी होतात. तिथे माप मोजून घ्या आणि मापाचा आकडा कागदावर मागा.

मेस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारा: हे झालं कशाने? ऑइल पंप, ऑइल कूलर, वॉटर पंप, रेडिएटर यातलं मूळ कारण तसंच राहिलं तर नवं बेअरिंगही तेवढ्याच दिवसांत जाईल. कामाचा अंदाज लिहून घ्या, जुने पार्ट परत मागा, प्रत्येक पार्टचं बिल घ्या, खोलताना फोनवर फोटो काढा. गाडी वॉरंटीत असेल तर घरी काहीच खोलू नका, वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

विम्याचंही समजून घ्या. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरला जात नाही. पाणी शिरलेल्या इंजिनला सेल्फ मारून ते गेलं, तर कंपन्या ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून बहुधा नाकारतात. पॉलिसीत इंजिनचं वेगळं कव्हर घेतलंय का ते आजच बघा. गाडी पुरात बुडाली असेल तर हलवण्याआधी पाण्याच्या पातळीसकट फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत चावी दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

पुढच्या वर्षी ही वेळ येऊ नये म्हणून

हंगाम संपला की गाडी लावण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. डिझेलची टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओलावा धरणार नाही. सायलेन्सर आणि एअर फिल्टरचं तोंड झाका आणि झाकल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. बॅटरीची वायर काढा. दर दोन-तीन आठवड्यांनी इंजिन आधी हाताने फिरवून मग चालू करा आणि काटा नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत चालू ठेवा. दोन मिनिटं चालवून बंद केलं तर आत उलट ओलावाच साठतो.

आणि गाडीवर ड्रायव्हर कुणीही असो, त्याला एवढं पक्कं सांगून ठेवा: ऑइलचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची. भाडं एक दिवस उशिरा पोचेल, पण इंजिन हातात राहील.